छापून आलेली साविन

त्रुआ, २० फेब्रुवारी १७६९

मेहुणे निकेझ यांस,

एद्मेचा नमस्कार. पत्र माझेच आहे, दचकू नका. तुमच्या बहिणीला, कोलोंबला, मातीत ठेवून आलो त्या दिवसापासून आपण एकमेकांना एक शब्द पाठवलेला नाही. पहिला शब्द तुम्ही पाठवाल असे मी धरून चाललो होतो. पण वेळच अशी आली आहे की मानपान बाजूला ठेवावा लागतो. माझी छाती पुन्हा धडधडू लागली आहे. उपासाचे दिवस, रोज खारा मासा, आणि तो पोटात राहत नाही.

हे पत्र तुम्हाला तुमच्या चर्चचा घंटावाला वाचून दाखवत असणार. भल्या माणसा, इथून पुढचे दार लावून वाच. दळण घेऊन आलेल्या बायकांसमोर तर मुळीच वाचू नकोस.

साविनबद्दल आहे, तुमच्या भाचीबद्दल. ती आजारी वगैरे नाही. ती छापून आली आहे.

गल्लीच्या तोंडाशी तिएनो आहे, केसांचे टोप करणारा. त्याच्या दुकानात लोक दाढीला कमी आणि ऐकायला जास्त बसतात. तो पुस्तके आणतो, कुठून आणतो ते विचारू नये, आणि गिऱ्हाइकाला फेस लावून ठेवून वाचून दाखवतो. गेल्या आठवड्यात मी आत गेलो तर सगळे गप्प झाले. मग तिएनो म्हणाला, "या, एद्मेकाका. तुमच्याच घरात बसलो होतो आम्ही."

मी म्हणालो, "माझ्या घरात कोण बसतो?"

"अहो, पुस्तकातून हो! पायातले जोडेसुद्धा काढले होते." आणि सगळे हसले.

पुस्तकाचे नाव 'कुमारी स. हिची पत्रे'. मी ते त्याच्याकडून मागून घरी आणले आणि बोट ठेवून ठेवून वाचतो आहे. तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेत दोन हिवाळे गेलो, पुढे मेणाच्या धंद्याने मला ओढून घेतले. पहिल्याच पानावर छापणाऱ्याने लिहिले आहे की यातला एकही शब्द रचलेला नाही, ही पत्रे एका पेटीत सापडली, आणि बापांनी वेळीच सावध व्हावे एवढ्यासाठी ती लोकांपुढे ठेवली आहेत. नावे तेवढी झाकली आहेत.

कुमारी स. ही मेणबत्त्या करणाऱ्याची मुलगी आहे. घरामागे कुरण आहे आणि तिथे मेणाच्या फिती उन्हात पांढऱ्या व्हायला पसरलेल्या असतात. राखी मांजर आहे, तिचा अर्धा कान तुटलेला. चुलीपाशी मेलेल्या आईची खुर्ची आहे, तिच्यात कुणी बसत नाही. वरच्या खोलीत एक तरुण पाद्री भाड्याने राहतो. जिन्याची तिसरी पायरी करकरते, म्हणून स. ती पायरी ओलांडून अनवाणी वर जाते. आणि वर जाऊन काय करते ते ती एका मैत्रिणीला पत्रांतून कळवते. सगळे कळवते, निकेझ. काही ठिकाणी मी पान न वाचताच उलटले, आणि मग परत मागे उलटले, कारण बापाला माहीत असायला हवे.

दोन वर्षे माझ्या वरच्या खोलीत फाव्हरोल नावाचा पाद्री होता. पाद्र्याची कॉलर घाले एवढेच, चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना म्हणताना त्याला कुणी पाहिला नाही. गेल्या पानगळीत तो पॅरिसला गेला. मांजर आमची. खुर्ची कोलोंबची. पायरी तुम्हीही चढला आहात.

पुस्तकात बापाबद्दलही चार शब्द आहेत. ते महत्त्वाचे नाहीत.

आता कामाचे. अशा मुलीला राजाच्या मोहोरेच्या हुकुमाने नदीपलीकडच्या मठात ठेवता येते, जिथे चुकलेल्या बायका पश्चात्ताप करतात. खटला नाही, बोभाटा नाही. आमच्या पाद्रीबाबांनी अर्ज लिहून दिला आहे. पण त्यावर दोन्हीकडच्या नातलगांच्या सह्या लागतात. माझ्याकडचे सगळे गेले. कोलोंबकडचे तुम्ही एकटे. तुमची फुली लागेल.

पीठ घेऊन येणारा तुमच्या गिरणीचा गाडीवान फियाक्र दोनदा तिची चौकशी करून गेला. एकदा तर त्याने तिच्यासाठी केसांच्या फितीचा गुंडा आणला. तो विषय वेगळा आहे, त्याचा इथे संबंध नाही.

एद्मे कुर्तालाँ


त्रुआ, ११ मार्च

मेहुणे निकेझ यांस,

तुमचे उत्तर फियाक्रने आणून दिले. घंटावाल्याने तुमचे बोलणे जसेच्या तसे उतरवले आहे, शिव्यांसकट, याबद्दल त्याचे आभार मानावेत की नाही ते कळत नाही.

तुम्ही म्हणता, "तुमचं डोकं उन्हात विसरलेल्या मेणासारखं झालंय. पुस्तकवाले सगळेच म्हणतात पेटीत पत्रं सापडली. त्या पेट्या कुठे मिळतात ते सांगा, मलाही एक हवी." माझ्या घरात छापलेल्या दोनच वस्तू आहेत, प्रार्थनेचे पुस्तक आणि पंचांग. प्रार्थनेचे पुस्तक कधी खोटे बोलले नाही. पंचांग पावसाबद्दल बोलते, ते सोडा. पण माणूस पहिल्याच पानावर, लोकांसमोर, शिशाच्या अक्षरांत खोटे बोलेल? बोलायचेच तर मधल्या पानात बोलेल.

दुसरे तुम्ही म्हणता, "पोरीला लिहिता कुठे येतं?" हे खरे आहे. चर्चच्या शाळेतल्या भगिनींनी तिला वाचायला शिकवले, लिहायला नाही. तिथे मुलींना तेवढेच शिकवतात. मुलीने लिहायचे तरी कुणाला? या मुद्द्यावर मी एक अख्खी दुपार शांत होतो. मग मनात आले, पाद्री वरच होता. त्याच्याकडे दौत होती, पिसे होती, आणि त्याला दिवसभर काही काम नव्हते.

तिसरे तुम्ही म्हणता, "नकोशी झाली असेल तर इकडे पाठवा, बहीण गेली, पोर दोन वर्षांची होती, तेव्हाच मी मागितली होती." हे तुम्ही पुन्हा काढायला नको होते. मी ती तेव्हाही दिली नाही. एकट्या पुरुषाने मूल वाढवले. तिचे केस मी विंचरले आहेत, मेण लागलेल्या हातांनी.

मी तिला विचारलेच नाही असे समजू नका. ती कुरणावर कापड अंथरायला खुंट्या ठोकत होती. या वर्षी ऊन लवकर पडले आहे.

मी म्हणालो, "साविन, तिएनोच्या दुकानात एक पुस्तक आलंय."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"गल्लीतून जाताना पोरं पायऱ्या ओलांडल्यासारखं करतात नि हसतात. मासेवालीनं मला फुकट मासा दिला, म्हणाली, घे बाई, तुझी आता मोठी लोकं ओळखीची. बाबा, ती खुंटी धरा, वाकडी जातेय."

मी खुंटी धरली. म्हणालो, "त्यात लिहिलंय ते खरं आहे का?"

ती हातोडा मारायची थांबली. "तुम्ही वाचलंत?"

"थोडं."

"मग तुम्हीच सांगा. वाचलंय तुम्ही, मी नाही."

हे काही उत्तर झाले का? निर्दोष मुलगी रडते, शपथ घेते. पुस्तकातली स. हीदेखील बापाला असेच उलटे प्रश्न विचारते.

आणि आता मला तुम्हाला असे काही सांगायचे आहे जे मी पाद्रीबाबांनाही सांगितलेले नाही. घरात दोघी आहेत, साविन आणि ती पुस्तकातली. सूप वाढताना साविन वाकते तेव्हा तो हात साविनचा असतो, तिळासकट, आणि तरी मला दुसरीचा दिसतो. ती गुणगुणते तेव्हा मी शब्द ऐकायला कान देतो. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी चुलीपाशी बसतो, जिन्यावर पाऊल वाजते, मी तिसऱ्या पायरीची वाट पाहतो. करकरली तर साविन. पण कधी कधी पावले वर जातात आणि पायरी करकरत नाही. परवा तसे झाले. मी हाक मारली, तर साविन बाहेरून, कुरणातून ओ देत आली. पाय मातीने भरलेले.

मग वर कोण गेले होते?

बापाबद्दल काय लिहिले आहे असे तुम्ही विचारता. सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी लपवतो. स. मैत्रिणीला लिहिते: 'बाबा रोज संध्याकाळी मेणबत्त्यांचे जळून उरलेले बुडखे मोजतात आणि समजतात की माझे शीलच मोजले. बुडखे नेहमी पुरे भरतात.' एवढेच आहे. याचे मला काही वाटले नाही. तिएनोच्या दुकानात मात्र हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे.

सही पाठवा.

एद्मे


त्रुआ, ३ एप्रिल

मेहुणे निकेझ यांस,

पुनरुत्थानाच्या सणाच्या शुभेच्छा. उपास संपला, तरी माझी भूक परत आलेली नाही. पहिल्या फिती कुरणावर पडल्या आहेत, अजून पिवळ्याच आहेत. रोज पाणी शिंपडतो, उलटतो. धूर आला की धावत जाऊन झाकतो. मेणाचे बरे असते, ऊन दाखवले की ते गोरे होते.

तुमचा नकार पोहोचला. "पोरीला लिहिता येतं हे दाखवा, मग बोलू," असे तुम्ही म्हणालात. मी तेच केले.

सणाच्या दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी टेबल पुसले, कागद ठेवला, पिसाची लेखणी आणि दौत ठेवली. "लिही," म्हणालो.

ती म्हणाली, "काय लिहू?"

निकेझ, मला वाटले होते ती हसेल. म्हणेल, बाबा, मला कुठे येतं. मी म्हणालो, "म्हणजे येतं?"

"नाही म्हटलं तर खोटं होईल, हो म्हटलं तर तुम्ही ओरडाल. सांगा ना, काय लिहू?"

तोंडात आले ते मी बोललो. "तुझ्या आईचं नाव."

तिने लिहिले. फार वेळ लागला. जीभ दातांत धरून लिहीत होती. अक्षरे कशी, तर जत्रेतून परतणारी माणसे एकमेकांच्या खांद्याला धरून चालतात ना, तशी. एक पुढे झुकलेले, एक मागे पडलेले. पण नाव बरोबर होते. कोलोंब. मी ते मोठ्याने वाचले.

"कुणी शिकवलं?"

"वरच्या पाद्रीबुवांनी. फुकट नाही शिकवलं."

मी विचारले, "काय दिलंस?"

"गोष्टी दिल्या."

"कसल्या गोष्टी?"

"घरातल्या. ते म्हणायचे, एक अक्षर, एक गोष्ट. इथेच, या टेबलावर बसून. तुम्ही कारखान्यात वाती टांगत असायचात. मांजरीचा कान कुणी तोडला ते सांगितलं. आईची खुर्ची सांगितली. पायरी सांगितली. ते सगळं टिपून घ्यायचे. मला वाटायचं, माणूस एकटा आहे, ऐकायला आवडतं."

"आणि बुडखे?"

ती लेखणीचे टोक पुसू लागली.

"साविन, बुडखे कुणी सांगितले?"

"मीच."

"हसलीस?"

"हसले. बाबा, मोजताना तुम्ही ओठ हलवता. मासा कसा पाण्याबाहेर... कुणीही हसेल. पण ते शीलबिल मी नाही म्हटलं. तो शब्दच मला लिहिता येत नाही."

मी म्हणालो, "पायरी ओलांडून वर गेलीस?"

तेव्हा ती उठली. "गेले असते तर तुम्हाला ऐकू आलं नसतं. आणि आता काही ऐकू आलं नव्हतं म्हणून तुम्ही म्हणणार की गेले. मी कुठल्या बाजूनं बोलू ते तरी सांगा."

लिहायला कशासाठी शिकलीस, हेही मी विचारले. तिने सांगितले. ते मी इथे लिहीत नाही.

तुम्ही म्हणाल, झाले तर, उलगडा झाला. घर त्याने तिच्याकडून घेतले आणि पाप स्वतःच्या डोक्यातून घातले. आमचे पाद्रीबाबाही अर्धवट असेच म्हणाले. पण ज्या मुलीने माझे ओठ विकले ती आणखी काय विकणार नाही? अक्षरासाठी बाप दिला. पुस्तकातली स. प्रियकरासाठी बाप देते. मला तर पुस्तकातलीचे कारण जास्त समजते.

अर्ज गेला. सह्या पूर्ण आहेत. कशा झाल्या ते विचारू नका.

एद्मे


त्रुआ, १६ मे

निकेझ,

हे घाईत लिहितो आहे. तुमचे पत्र आले नाही, फियाक्र येऊन गेला पण माझ्याशी बोलला नाही, गोणी उंबऱ्यावर टाकून निघून गेला. जाताना गाडीवर साविनशी बोलत होता. त्याने मला पाहिले तेव्हा बोलणे थांबवले नाही.

तिएनोकडे पुस्तकाचा दुसरा भाग आला आहे. मी आत पाऊल टाकले तेव्हा तो शेवट वाचत होता. मला पाहून पुस्तक मिटायला लागला. मी म्हणालो, "वाच. माझंच घर आहे ना?"

शेवट सांगतो. बापाला सगळे कळते. तो राजाच्या हुकुमाने स. ला मठात टाकतो. तिथे ती पश्चात्ताप करते, तिचे रूप जाते, केस जातात, आणि बापाने पाठवलेल्या बुडख्याच्या उजेडात शेवटचे पत्र लिहून ती मरते. बाप मठाच्या जाळीशी उभा असतो. त्याला वेड लागते.

मी विचारले, "ती मेलीच पाहिजे का?"

तिएनो वस्तरा पुसत म्हणाला, "मेलीच पाहिजे, काका. असल्या पुस्तकांचं ठरलेलं असतं ते. सगळं पुस्तकभर मजा, आणि शेवटची चार पानं मठ. छापणाऱ्याची पळवाट आहे. कुणी पकडलं तर म्हणायचं, बघा, शेवटी सद्गुण जिंकला."

"आणि ती जगली तर?"

"जगली तर लोक म्हणतील पाप परवडतं. मग सद्गुणाचं काय राहिलं?"

खुर्चीतला माणूस, तोंडाला फेस, त्यातून म्हणाला, "मला तर ती शेवटची चार पानं नकोच. मी फाडून टाकली." सगळे हसले. मग त्यांतला एक उठला आणि दारातून वाकून आमच्या वरच्या खिडकीकडे बघत उभा राहिला. दुसऱ्याच्या लेकीसुनेकडे ज्या नजरेने बघायचे नसते त्या नजरेने. माझी मुलगी खिडकीत पडदा झटकत होती. त्याला ती दिसतच नव्हती. त्याला दुसरी दिसत होती.

आणि निकेझ, मलाही तीन महिने दुसरीच दिसते आहे.

मी घरी गेलो नाही, तसाच कचेरीत गेलो. अर्ज परत द्या म्हणालो. कारकून म्हणाला, "आजोबा, राजाकडे गेलेला कागद परत येत नसतो. तो हुकूम होऊन येतो." मी म्हणालो, चूक झाली. तो म्हणाला, "बापाची सही आहे, मामाची फुली आहे, पाद्र्याची साक्ष आहे. इतक्या माणसांची चूक होते का?"

फुली मी मारली. तुमची फुली मला लग्नाच्या करारापासून ठाऊक आहे, आडवी रेघ उभीपेक्षा लांब. घंटावाल्या, हे वाक्य पुन्हा वाच, त्यांना नीट ऐकू जाऊ दे.

मी काय करावे ते कळवा. लवकर कळवा. वर पावले वाजत आहेत आणि साविन बाजारात गेली आहे.

एद्मे


त्रुआ, २४ जून

मेहुणे निकेझ यांस,

तुम्ही उत्तर पाठवले नाही, बरे केले. कागद वाटेत कुणाच्या हाती पडला असता. तुम्ही फियाक्रला मोकळी गाडी घेऊन पाठवले, ते मला समजले. इतका मूर्ख मी नाही.

मी तिला 'जा' म्हणालो नाही. माझ्याने ते झाले नसते. सकाळी ती पाव कापत होती. मी म्हणालो, "कुरणाकडचं दार फुगलंय. कडी लागत नाही."

ती म्हणाली, "काल तर लागत होती."

मी म्हणालो, "आज लागत नाही. मी आज दिवसभर कारखान्यात आहे. वाती टांगायच्या आहेत. मला काही ऐकू येत नाही तिथे."

तिने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघितले. मग पावाचा मोठा तुकडा माझ्यासाठी कापून फडक्यात बांधून ठेवला आणि जिना चढून वर गेली. तिसऱ्या पायरीवर ती थांबली, निकेझ. पूर्ण पाय टेकवून उभी राहिली. पायरी करकरली, एकदा, आणि तिने पाय उचलून पुन्हा टेकवला, आणि ती पुन्हा करकरली. मग वर गेली.

दुपारी मी घरात आलो तेव्हा मांजरसुद्धा नव्हती.

हुकूम त्यानंतर आला. हुकूम घेऊन एक अंमलदार आला, हातमोजे घातलेला, आणि दारात दोन शिपाई. मी टोपी काढली. त्याने मोहोर दाखवली आणि मग कागद खिशात घालून जिन्याकडे बघितले. "तीच का ही?" म्हणाला. "कुठली पायरी? तिसरी ना?" आणि ती ओलांडून, हसत, वर चढला. शिपायांनाही हसू आले. म्हणजे त्यांनीही वाचले होते.

मी मागून गेलो. त्याने साविनची उशी उचलली आणि नाकाशी नेली. माझ्या डोळ्यांसमोर. खिडकी उघडून कुरणाकडे बघितले, म्हणाला, "फिती पांढऱ्या झाल्यात हो. पुस्तकात लिहिलंय तशाच." जणू तो तीर्थाला आला होता. राजाच्या हुकुमाने तो सद्गुणाच्या रक्षणासाठी आला होता, निकेझ, आणि उशी त्याच्या हातातून सुटत नव्हती. मी तीन महिने ज्या पापाचा वास घरात हुंगत होतो, ते त्या दिवशी मला समोर दिसले. ते हातमोजे घालून आले होते. आणि ते मी बोलावले होते, तुमच्या फुलीने.

"पोरगी कुठे आहे?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"बापाला माहीत नाही?"

मी आयुष्यात देवळातल्या मेणात चरबी मिसळली नाही. तुमची फुली आणि ती कडी सोडली तर कधी कुणाशी खोटे बोललो नाही. मग मला तो बाप आठवला, पुस्तकातला, बुडखे मोजणारा. मी ओठ हलवले, जसे मोजताना हलतात तसे, आणि म्हणालो, "साहेब, पुस्तकातल्या बापाला तरी कधी काय माहीत असतं?"

तो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. "अगदी तसाच! अगदी लिहिलाय तसाच!" असे शिपायांना म्हणाला. पॅरिसच्या वाटेवर माणसे धाडतो म्हणाला, त्या पाद्र्यामागे गेली असणार. तुमच्या गिरणीच्या वाटेचे नाव त्याने काढले नाही. पुस्तकात गिरणी नाही.

दुसऱ्या दिवशी तिएनोच्या दुकानात तो हाच किस्सा सांगत होता म्हणे. मी आता तिथे जात नाही. दाढी घरीच करतो, हनुवटी कापली आहे.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. लिहायला कशाला शिकलीस, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "मामाला पत्र लिहायचं होतं. तुमच्यावर रागावू नका असं लिहायचं होतं. दोघं कधी बोलणार ते तरी विचारायचं होतं." यासाठी तिने घर दिले. मी तेव्हा हे लिहिले असते तर फुली मारायला माझा हात उचलला नसता, म्हणून लिहिले नाही.

आता घंटावाल्याला माझा नमस्कार कळवा. हे पत्र त्याच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. हे तुम्हाला कोण वाचून दाखवते आहे ते मला ठाऊक आहे. आवाजही ऐकू येतो आहे, अडखळत नाही, वाचायला तर तिला पहिल्यापासून येत होते.

साविन, थांबू नकोस. वाचत राहा, मामाला ऐकू जाऊ दे.

तू गेलीस पण ती गेलेली नाही. वर आहे. संध्याकाळी उतरते, सकाळी चढते, आणि तू गेल्यापासून तिसरी पायरी एकदाही करकरलेली नाही. काल मी विसरून सुपाचे दोन वाडगे भरले आणि दुसरा भरलेला उचलताना मला भीती वाटली की तो हलका लागेल, कुणीतरी त्यातले प्यायलेले असेल. ती माझ्याशी बोलत नाही. तिला जे बोलायचे ते तिने सगळे लिहून ठेवले आहे, दोन भाग, कातडी बांधणीचे. मी ते जाळायला चुलीत घातले होते, पुन्हा बाहेर काढले. जाळले तर ती जळेल की तू, हे मला नक्की कळेना.

तिची इतकी पत्रे माझ्याकडे आहेत. तुझा एक कागद आहे, आईच्या नावाचा. तो मी खुर्चीवर ठेवला आहे. तिथे कुणी बसत नाही.

फियाक्र पीठ घेऊन येईल तेव्हा त्याच्याबरोबर एक ओळ पाठव. वाकडी चालेल. काहीही लिही. बाबा मोजताना ओठ हलवतात, असे लिही. मी ती ओळ मोठ्याने वाचेन, जिन्याकडे तोंड करून.

एद्मे